सूर्याची ड्युटी

पंढरीनाथ गायकवाडला ऐकू येत नसे, यात नवल काहीच नव्हतं. भिवंडीत ज्यानं उभा जन्म लूमच्या धडधडाटात काढला, त्याचे कान म्हातारपणापर्यंत शाबूत राहिले तर उलट लोकच विचारतील, काय रे, कामचुकारपणा करत होतास काय! नवल हे, की या बहिऱ्या माणसाची एकुलती एक मुलगी सूर्य ऐकायच्या नादाला लागली, आणि तिच्या मागोमाग बापही लागला.

पंढरीनाथ मूळचा भिवंडीजवळच्या वळ गावचा. तो जन्मला तेव्हा त्यांच्या वाडीला बौद्धवाडी म्हणत नसत आणि घराघरात वेगळे देव होते. तो पोरसवदा असताना देव गेले, नाव मात्र राहिलं. कोणी खवचटपणे विचारलंच, "बौद्ध, आणि नाव पंढरीनाथ?" तर तो शांतपणे म्हणे, "आजीनं ठेवलंय. आता आजीला कुठं शोधू परत द्यायला?" मुलीचं नाव मात्र त्यानं स्वतः निवडलं. विहारात भन्तेजींनी एका भिक्खुणीची गोष्ट सांगितली होती, जिला नवऱ्यानं अवघडातले अवघड प्रश्न विचारले आणि तिनं एकाही प्रश्नाला पाठ दाखवली नाही. ती धम्मदिन्ना. घरात तिची दिना झाली.

गावातून शहरात आल्यावर पंढरीनाथनं आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग लूम चालवला, आणि शेवटी जॉबर झाला. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. बिघडलेला लूम चालू करून द्यायचा, म्हणजे मालक खूश, कारीगर खूश. गल्लीतल्या एकूण एक कारखान्यात त्याचा पाना फिरलेला होता. कारखान्यात माणूस घसा फुटेस्तोवर ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथं हात बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून ओढली, की धागा तुटला. बोटांची टोकं टेकवली, की जुळला. तळहात पालथा केला, की लूम बंद. मूठ छातीकडे ओढली, की कर चालू. दिना लहानपणी बाबाचा डबा घेऊन जायची, तेव्हाच ही भाषा शिकली. बाराखडी त्यानंतरची.

म्हणूनच कान गेले तरी बापलेकीचं काही अडलं नाही. मंदा, दिनाची आई, कधी कारखान्यात गेली नव्हती. ती आपली ओरडून बोलायची. शेजारीपाजारी म्हणायचे, गायकवाडांच्या घरात एक बाई भांडते आणि दोघं मुकाट ऐकून घेतात.

दिना फिजिक्स शिकली, शहरातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली आणि पुण्याच्या एका मॅडमच्या हाताखाली तिनं पीएचडी करायला घेतली. विषय कळल्यावर नातेवाइकांनी कपाळाला आठ्या घातल्या. सूर्यावरून येणारे रेडिओचे स्फोट! लग्नाचं बघायचं सोडून हे कसलं खूळ? पुढे एक दिवस मॅडमनी त्यांच्या संस्थेतला जुना रिसीव्हर दिला, पत्र्यावर बांबू आणि तारांचा अँटेना उभा राहिला, वरच्या खोलीत कॉम्प्युटर आला. मंदाबाईंनी कमरेवर हात ठेवून ते सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या तारेवर चादर वाळत घातली.

पंढरीनाथ मात्र खुर्ची ओढून समोर बसला. "सांग," म्हणाला.

दिनानं सांगितलं. ओठ सावकाश हलवत, हातांनी दाखवत. सूर्याच्या भोवती तापलेला वायू आहे, इतका तापलेला की त्याचे अणूसुद्धा फुटलेत. त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्यावर भडका उडाला की इलेक्ट्रॉनांचा लोंढा त्या प्लाझ्मातून वर सुसाट सुटतो. ज्या थरातून जाईल तो थर थरथरतो आणि रेडिओत बोलतो. खालचा थर दाट, त्याचा सूर उंच. वरचा विरळ, त्याचा सूर खालचा. म्हणून तो आवाज काही सेकंदांत वरच्या सुरावरून खाली घसरत येतो.

पंढरीनाथनं जरा विचार केला. "म्हंजे खाली मांजरपाट, नि वर वर जाशील तशी मच्छरदानी."

"हो."

"नि तुला ती वीण मोजायची हाय. हितं बसून."

"हितं बसून," दिना हसत म्हणाली.

"मंग सोप्पं न्हाय," म्हणून तो उठला आणि खाली जाऊन त्यानं बायकोला ओरडून बजावलं, की वरच्या तारेवर कपडे घालायचे न्हाय.

काम असं होतं. दिनानं कॉम्प्युटरमध्ये मनानं एक प्लाझ्मा विणला होता, इथे इतका दाट, तिथे इतका विरळ. तो खरा धरला तर सूर कसा घसरेल हे कॉम्प्युटर सांगायचा. आता खऱ्या सूर्याचा खरा स्फोट पकडायचा आणि दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात का ते पाहायचं. बसल्या तर तिचं मॉडेल खरं. मोठ्या वेधशाळांच्या नोंदी मॅडमकडे होत्या, पण दिनाला हवे असलेले खालचे सूर त्यांत नीट येत नव्हते. ते तिचे तिलाच पकडायचे होते.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. गल्लीत शेकडो लूम. त्यांच्या मोटारी, जुने स्टार्टर, लोंबत्या वायरी, सगळीकडे ठिणग्या. त्या ठिणग्या रेडिओत उतरायच्या. पडद्यावर निळ्या रंगावर सूर्याची रेषा उमटायला हवी, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लूमचे पिवळे फराटे. एकदा एक बारकासा स्फोट सापडला तेव्हा दिनानं तो स्पीकरवर लावला. पंढरीनाथनं स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. लाट यावी आणि वाळूवरून मागे जावी तसा आवाज होता तो. बराच वेळ त्यानं हात उचलला नाही. मग म्हणाला, "पानी हाय. पन लय लांब हाय. मधी सगळे आपलेच लूम." आणि तो असा ओशाळून हसला, की जणू त्याच्याच घरच्यांनी पाहुण्यांसमोर गोंधळ घातला होता.

शुक्रवारी लूमला सुट्टी असे. पण सूर्याला शुक्रवारचं काय? ती वर्षं सूर्याच्या सुस्तीची होती, अंगावर धड डाग नाही, तर भडका कुठून उडणार. लोडशेडिंगमध्ये लूम थांबायचे, दिनाचं यंत्र बॅटरीवर चाले, पण तेवढ्यात जनरेटर सुरू व्हायचे आणि त्यांची कुरकुर लूमपेक्षा वाईट. दिना कॉलेजात जाई, म्हणून यंत्र चालू करायचं काम पंढरीनाथनं मागून घेतलं. उन्हं दारात आली की जिना चढायचा, खटका पाडायचा, कॉम्प्युटर सुरू झाला की नाही ते पाहायचं. आपलं आपण सगळं नोंदलं जाई. अंधार पडला की तोच बंद करी. कोणी विचारलं, "काय करता हल्ली?" की सांगे, "सूर्याची ड्युटी."

संध्याकाळी तो दारात उभा राहून नुसत्या भुवया उंचावायचा. जुळला का? दिना दोन बोटं ओढून दाखवायची. तुटला. तो मान डोलावून खाली जायचा. असं कितीदा झालं त्याला मोजदाद नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. पंढरीनाथचे कान लूमनं नेले होते तसंच त्याची छातीही कापसाच्या धुळीनं नेली होती. जिना चढताना त्याचा खोकला सगळ्या घराला ऐकू येई, त्याला सोडून. डॉक्टर म्हणाले, आराम करा. तो म्हणाला, एकदा तिचा धागा जुळू दे.

दोन हजार सहाचा डिसेंबर उजाडला, आणि झोपलेल्या सूर्याच्या कडेवरून एक भलाथोरला डाग वळून समोर आला. मॅडमचा फोन आला, लक्ष ठेव, असं पुन्हा काही वर्षं मिळायचं नाही. डाग दोनेक आठवडे समोर राहील, मग पलीकडे जाईल. दिनानं हे बाबाला सांगितलं आणि पडद्यावरचे फराटे दाखवले. भडका उडाला तरी या गदारोळात काय दिसणार?

दर सहा डिसेंबरला पंढरीनाथ दादरला चैत्यभूमीवर जात असे. त्या वर्षी दम्यानं त्याला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. त्यानं घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तो गल्लीत निघाला. मुश्ताकशेठचा कारखाना सर्वांत मोठा. त्याला म्हणाला, एक सकाळ लूम बंद ठेव. पोरीला सूर्य ऐकायचा हाय.

मुश्ताकशेठ हसला, पण वाईट हसला नाही. म्हाताऱ्याला ओठ दिसावेत म्हणून समोर येऊन बोलला, "चाचा, मेरे बंद करूं भी, तो बाकी गली का क्या? यहां लूम सिर्फ मय्यत के लिए रुकता है."

खरंच होतं ते. त्या गल्लीचा रिवाजच होता, मयत हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, बौद्धाचं असो, दारावरून जाईपर्यंत त्या त्या कारखान्यातले लूम थांबायचे. खांदेकरी पुढे गेले की मागे पुन्हा धडधड सुरू. जिवंत माणसासाठी कोणी लूम थांबवल्याचं ऐकिवात नव्हतं. तरी पंढरीनाथ दारोदार फिरला. कोणी त्याला झिडकारलं नाही, चहा पाजला, पाणी दिलं. पण कोणाचा माल अडकला होता, कोणाचा व्यापारी डोक्यावर बसला होता. दमून घरी आला तेव्हा ओठ निळे पडले होते.

दिनानं विचारलं, काय म्हणाले? त्यानं तळहात पालथा केला, मग चार बोटं खांद्याला लावून तिरडी दाखवली. बंद होतात, पण फक्त मयताला. आणि खट्याळपणे डोळे बारीक करून त्यानं अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला.

दिनानं त्याचा हात फटकन खाली पाडला. "असलं बोलायचं न्हाय," ती ओरडली. त्याला ऐकू गेलं नाही, पण चेहरा दिसला असणार. त्यानं लगेच दोन्ही कान पकडले आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

त्यानंतर काही दिवसांनीच, एका बुधवारच्या पहाटे, तो भिंतीला टेकून बसल्या जागी गेला. मंदाबाई चहा घेऊन आल्या आणि चहा तसाच राहिला.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. नेहमी मयत दारावर आलं की लूम थांबायचे. त्या दिवशी उन्हं आल्यावर मुश्ताकशेठ स्वतः बाहेर आला आणि प्रत्येक कारखान्याच्या दारात उभा राहून त्यानं दोन्ही तळहात पालथे केले. बोलायची गरज नव्हती. एक एक करत सगळे लूम थांबले. ज्या ज्या यंत्राला पंढरीनाथचा हात लागला होता ते ते थांबलं, म्हणजे एकही उरलं नाही. आणि नेहमीसारखे ते मागे पुन्हा सुरूही झाले नाहीत. मुश्ताकशेठ म्हणाला, "चाचा को पहुंचा के आएंगे, फिर देखेंगे."

त्रिसरण-पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं निघाली. दिना तिरडीच्या मागे चालली होती. जन्मल्यापासून तिनं ही गल्ली इतकी शांत कधी ऐकली नव्हती. चपलांचा आवाज येत होता, कुठेतरी कबुतरं घुमत होती. कारखान्यांच्या दारांत बनियनवर उभे असलेले कारीगर मान खाली घालून हात जोडत होते. पत्र्यांवर ऊन आलं होतं. आणि तिच्या मनात आलं, बाबा, गल्ली गप्प झाली. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची इतकी चीड आली, की तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. नदीकाठी तिनंच अग्नी दिला.

परत येताना दोघंतिघं मालक म्हणाले, चाचांनी मागितली तेव्हा एक सकाळ द्यायला हवी होती. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. पण ते खरंच हळहळत होते आणि दिनाला त्यांचा राग येईना.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, डाग सूर्याच्या पलीकडे गेला. दिना वरच्या खोलीत पाऊल टाकेना. मग मॅडमचा फोन आला. आधी त्यांनी आईची चौकशी केली, मग जरा अडखळत म्हणाल्या, "त्या बुधवारी सकाळी मोठा भडका उडाला, दिना. जगभर नोंदला गेलाय. तुझ्याकडे काही असण्याची शक्यता आहे का?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशी माझे वडील गेले. यंत्र बंदच होतं. तेच चालू करायचे ना."

मॅडम म्हणाल्या, असू दे, असू दे. दिनानं फोन ठेवला. तो भडका तिनं किती वर्षं मागितला होता! आणि तो आला तेव्हा खटका पाडणारा माणूस खाली चादरीखाली पडला होता. यात दोष कोणाला द्यायचा? सूर्याला?

काही दिवसांनी संस्थेला रिसीव्हर परत द्यावा, म्हणून आवराआवर करायला ती वर गेली. कॉम्प्युटर पुसला, लावला. आणि तिला दिसलं की त्या बुधवारची नोंद आहे. सकाळपासूनची.

तिला आधी वाटलं, तारीख चुकली. मग तिनं ती उघडली. डावीकडे नेहमीचे पिवळे फराटे होते. मग ते विरळ होत गेले, एक गेला, दुसरा गेला, जसा मुश्ताकशेठ दारादारांतून फिरला असेल तसे. आणि त्याच्या पुढे स्वच्छ निळं. त्या जागेवर इतकं निळं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या निळ्यात, बाबा नदीच्या वाटेवर असतानाच्या वेळी, सूर्याच्या रेषा एकामागून एक वरून खाली उतरत होत्या, आखून काढाव्यात तशा.

"आई!" तिनं हाक मारली. "आई, त्या दिवशी हे चालू कोणी केलं?"

मंदाबाई जिन्यात थांबल्या. पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी."

"तू?"

"उन्हं आली दारात. रोज त्या टायमाला जिन्यावर त्यांचा खोकला यायचा. त्या दिवशी आला न्हाय." त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मला सोसवंना गं. बायका बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी वर रडायला चालले. मी आले, खटका पाडला, दिवा लागला तो बघितला, नि खाली जाऊन परत बसले त्यांच्याजवळ. अंधार पडल्यावर बंद बी मीच केलं. ड्युटी चुकवलेली त्यांना खपायची न्हाय."

दिनानं आईला मिठी मारली. ज्या बाईनं त्या तारेवर चादर वाळत घातली होती, तिनंच त्या सकाळी, त्या अवस्थेत, हे केलं होतं.

पुढचे काही दिवस दिनानं ती नोंद आणि मॉडेल समोरासमोर ठेवलं. लगेच जमलं नाही. तिनं विणलेला प्लाझ्मा खालच्या बाजूला विरळ पडत होता, खरा त्याहून दाट होता. मांजरपाट तिनं कमी धरला होता. तिनं वीण बदलली, पुन्हा पाहिलं, पुन्हा बदलली. एका संध्याकाळी दोन्ही रेषा एकमेकींवर येऊन बसल्या आणि हलल्या नाहीत.

मॅडमना तिनं फोनवर सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "तुझ्या त्या गल्लीत इतकी स्वच्छ नोंद? कसला फिल्टर लावलास?"

"काही नाही लावलं मॅडम. लूम बंद होते."

"सगळे? इतका वेळ?"

"बाबांना पोचवून येईपर्यंत," दिना म्हणाली.

फोन ठेवून ती वळली. संध्याकाळ झाली होती, आणि याच वेळेला तो दारात उभा राहायचा. सवयीनं तिचे हात उठले. दोन बोटांची टोकं तिनं एकमेकांना टेकवली. जुळला, बाबा.

दारात मंदाबाई होत्या, वाळलेले कपडे कवळ्यात घेऊन. कारखान्याची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, पण बहिऱ्या नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईला न कळण्यासारखं त्यात काय होतं? त्यांनी कपडे खाली ठेवले. धागा जुळल्यावर पुढे काय करायचं असतं तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मूठ आवळली आणि छातीकडे ओढली. कर चालू.

मग दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडल्या. खाली गल्लीतले सगळे लूम चालू होते, त्यामुळे ते कोणालाच ऐकू गेलं नाही.